थियारॉयची वाळू आणि आपल्या घरातली जुनी बॅटरी

सेनेगलची राजधानी डकार. तिच्या पूर्वेला समुद्रकाठी थियारॉय-सुर-मेर ही मच्छीमारांची जुनी वस्ती आहे. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत तिथल्या न्गान्य जाव नावाच्या मोहल्ल्यात १८ मुलं दगावली. आजार मेंदूचा होता, झपाट्याने बळावणारा होता आणि तो कशाने होतोय हे कुणाला सांगता येत नव्हतं. पश्चिम आफ्रिकेत झटके येऊन बेशुद्ध पडलेलं मूल समोर आलं की कुणाही डॉक्टरच्या मनात आधी मलेरिया येणार, मग मेंदुज्वर. इथे दोन्ही नव्हतं. कारण निघालं ते मोटारींच्या जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं.

या प्रकरणाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. एरवी बॅटऱ्यांबद्दल आपल्याला एकच गोष्ट सांगितली जाते: कचऱ्यात टाकू नका, पुनर्वापराला द्या. थियारॉयमध्ये बॅटऱ्या कुणी कचऱ्यात टाकल्या नव्हत्या. त्यांचा पुनर्वापरच चालला होता, अगदी वाळूतला कण न् कण वेचून. मुलं गेली ती त्या पुनर्वापरामुळे. घरातली जुनी बॅटरी बाहेर काढताना ती पुन्हा वापरात जाईल का, याची काळजी करावी लागतच नाही. शिशाला भाव आहे, त्यामुळे ती जाणारच. ती कुणाच्या अंगणात फोडली जाईल, हे मात्र विचारावं लागतं.

वाळूत शिसं कसं आलं

मासेमारीच्या गावात शिसं पूर्वीपासून असतं. जाळं पाण्यात बसायला त्याच्या कडेला वजनं लावावी लागतात आणि ती शिशाची असतात. आपल्या कोकणकिनाऱ्यावरही तशीच असतात. शिसं जड, मऊ आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळणारं. लाकडाच्या जाळावर लोखंडी भांड्यात ठेवलं तरी त्याचा रस होतो. थियारॉयच्या लोहारांना हे शिसं सगळ्यात सहज मिळायचं ते मोटारींच्या बाद झालेल्या बॅटऱ्यांतून. नव्वदच्या दशकापासून मोहल्ल्याजवळच्या एका मोकळ्या, वाळूच्या जागेवर हे काम चालत आलं होतं.

बॅटरीच्या पोटात काय असतं ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मोटारीची साधारण १५ किलोची बॅटरी घेतली तर त्यात ८ ते १० किलो शिसं असतं. ते दोन रूपांत असतं. एक म्हणजे धातूची जाळी आणि दुसरा त्या जाळीत थापलेला लेप. बॅटरी मरते तेव्हा या लेपाचं बरंचसं लेड सल्फेट झालेलं असतं आणि त्याची भुकटी सुटत असते. बाकी पाण्यात मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड, ज्याला सगळे 'बॅटरीचं पाणी' म्हणतात, आणि प्लास्टिकचा डबा.

लोहाराच्या जाळावर जाळी वितळते. लेप वितळत नाही. त्यातून शिसं काढायचं तर बंद भट्टी, कोळसा आणि हजार अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. म्हणून उघड्यावर बॅटरी फोडणारा माणूस ॲसिड जमिनीवर ओततो, जाळ्या उचलतो, आणि लेपाचा मोठा भाग खाली सांडतो. त्यात भट्टीचा धूर, मळी, उडालेले शिशाचे थेंब यांची भर पडते. शिसं कुजत नाही, पाण्यात सहजी विरघळत नाही, उन्हाने उडून जात नाही. पडलं त्या जागी वर्षानुवर्षं राहतं. दहा वर्षं असं काम चाललं की त्या जागेची वाळू म्हणजे उघडी खाणच होऊन बसते. थियारॉयमध्ये नेमकं तेच झालं होतं, आणि तरीही इतकी वर्षं मुलं अशी एकापाठोपाठ गेली नव्हती. मग २००७ मध्ये काय बदललं?

लंडनचा भाव

२००३ च्या सुमारास लंडनच्या धातूबाजारात टनभर शिशाला ५०० डॉलरच्या आसपास भाव होता. ऑक्टोबर २००७ मध्ये तो साडेतीन हजारांच्या वर गेला होता. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी साधारण ८५ टक्के बॅटऱ्यांत जातं. चीनमध्ये मोटारी आणि विजेच्या दुचाक्या भराभर रस्त्यावर येत होत्या, मागणी चढत होती आणि पुरवठा तोकडा पडत होता.

पुरवठा तोकडा पडण्यामागची एक घटना मला फार अस्वस्थ करते. पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स नावाचं बंदर आहे. डिसेंबर २००६ पासून तिथे हजारो पक्षी मरून पडू लागले. मॅगेलन खाणीतून येणारं शिशाचं कार्बोनेट बोटींवर चढवताना त्याची धूळ गावावर बसत होती. चौकशी लागली, गावातल्या मुलांचं रक्त तपासलं गेलं, पावसाचं पाणी साठवायच्या घराघरातल्या टाक्या तपासल्या गेल्या आणि मार्च २००७ मध्ये तिथून शिसं पाठवणं थांबलं. खाणही बंद ठेवावी लागली. जगाच्या बाजारात तेवढा माल कमी झाला आणि भाव चढण्याला त्याचाही हात लागला. एस्परन्सच्या लोकांनी केलं ते योग्यच केलं. पण एका गावाने शिशाची धूळ थांबवली आणि त्यामुळे आणखी चढलेला भाव अशा वस्तीत जाऊन पोचला, जिथे धूळ मोजायला कुणीच नव्हतं.

थियारॉयमध्ये तो पोचला खरेदीदारांच्या रूपात. वाळूतले शिशाचे तुकडेसुद्धा विकत घेतले जातात हे लोकांना कळलं. भारतातून आलेले व्यापारी किलोमागे ६० सेंट देत होते, असं त्या काळच्या बातम्यांत आलं. तेव्हाच्या हिशेबाने ते साधारण २४ रुपये होतात. बायकांनी वाळू गोण्यांत भरली, मोहल्ल्यात आणली आणि घराच्या अंगणात, काहींनी घरातच, चाळायला घेतली. चाळणीवर तुकडे राहायचे. खाली पडायची ती बारीक भुकटी. विकायला उपयोग नाही म्हणून ती तिथेच राहायची आणि अंगावर, अंथरुणावर, भांड्यांवर बसायची. मुलं आयांच्या जवळ त्याच वाळूत खेळत बसायची.

हा समाज काही अजाण किंवा बेपर्वा नव्हता. समुद्रात मासा कमी झाला होता. सेनेगलच्या किनाऱ्यावरून २००६ मध्ये हजारो तरुण उघड्या होड्यांतून कॅनरी बेटांकडे निघाले होते. पोटासाठी माणसं तेवढा धोका पत्करत होती. त्यांना अंगणात बसून, मुलांवर लक्ष ठेवत, चाळणीने चार पैसे मिळण्याचं काम मिळालं. अशा कामाला कोण नाही म्हणेल? शिसं विषारी आहे हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, आणि शिशाला ना वास, ना अशी चव की मूल थुंकून टाकेल.

८१ जणांचं रक्त

गेलेल्या मुलांचं शवविच्छेदन करता आलं नाही. म्हणून तपास मागे राहिलेल्यांवरून करावा लागला. डकारच्या विषनियंत्रण केंद्रातल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एकूण ८१ जणांची तपासणी केली. गेलेल्या मुलांची ३२ भावंडं, २३ आया, आणि त्याच भागात राहणारी आणखी १८ मुलं व ८ मोठी माणसं. हा सगळा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पास्कल हेफ्लिगर हे त्याचे पहिले लेखक. त्यातले आकडे मी इथे मुद्दाम सावकाश मांडतो.

८१ च्या ८१ जणांना शिशाची विषबाधा झालेली होती. एकही सुटला नव्हता. काहीजण तर वरून अगदी ठणठणीत दिसत होते. १०० मिलिलिटर रक्तात शिसं किती मायक्रोग्रॅम आहे, यावरून विषबाधा मोजतात. तपासलेल्या ५० मुलांमध्ये सगळ्यात कमी आकडा ३९.८ होता, सगळ्यात जास्त ६१३.९, आणि सरासरी १२९.५. तुलनेसाठी सांगतो, अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र आज मुलांमध्ये ३.५ च्या वर आकडा गेला की लक्ष घालायला सांगतं. ४५ ला शरीरातलं शिसं काढायची औषधं सुरू करायचा विचार होतो. ७० च्या वर गेलं की जिवावरचा प्रसंग मानतात. म्हणजे या ५० मुलांतलं सगळ्यात 'बरं' मूलसुद्धा औषधाच्या उंबरठ्याजवळ होतं. १७ मुलांमध्ये मेंदू आणि मज्जासंस्थेची गंभीर लक्षणं दिसत होती. भोवतालचे सुमारे ९५० रहिवासी हीच धूळ श्वासातून आणि खाण्यातून रोज घेत असावेत, असा अंदाज अभ्यासकांनी बांधला.

मग माती तपासली. घरांच्या आत किलोमागे १४,००० मिलिग्रॅमपर्यंत शिसं सापडलं. बाहेर ३,०२,००० मिलिग्रॅमपर्यंत. हा आकडा घरगुती भाषेत मांडला की अंगावर येतो: किलोभर वाळूत ३०० ग्रॅम शिसं. मुलं जिथे खेळतात त्या उघड्या मातीसाठी अमेरिकेत त्या वेळी ४०० मिलिग्रॅमची मर्यादा होती.

मी वहीवर एक साधं गणित करून पाहिलं. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगात साधारण एक लिटर रक्त असतं. त्या सगळ्या रक्ताचा आकडा १०० वर न्यायला एक मिलिग्रॅम शिसं पुरतं. सर्वाधिक दूषित वाळूच्या एक ग्रॅममध्ये, म्हणजे चिमटीत मावेल एवढ्यात, ३०० मिलिग्रॅम शिसं होतं. पोटात गेलेलं सगळंच रक्तात जात नाही, बरंचसं इतर अवयवांत आणि हाडांत जाऊन बसतं, आणि सगळी वाळू इतकी वाईट नव्हती, हे खरं. पण मूल दिवसातून किती वेळा हात तोंडात घालतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. शिवाय गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात जेवढा वाटा शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या शरीरात शोषला जाऊ शकतो. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलात तो आणखी जास्त. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं, हाडांत साठवून ठेवतं, आणि मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की तेच शिसं हाडांतून सुटून पोटातल्या बाळापर्यंत जातं. २३ आयांच्या रक्तातल्या शिशाची गोष्ट म्हणूनच त्यांच्यापाशी संपत नाही.

उपचार केले, पण घरी कुठे पाठवायचं?

शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं आहेत. ती जीव वाचवतात. पण मूल रुग्णालयातून त्याच अंगणात परत गेलं तर आकडा पुन्हा चढतो, आणि हाडांत साठलेलं शिसंही हळूहळू रक्तात उतरतच राहतं. म्हणून आधी घर साफ व्हायला लागतं. सेनेगल सरकारने मार्च २००८ मध्ये दूषित माल हलवायला सुरुवात केली, मोकळ्या जागेवरचं काम बंद केलं. पुढे ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूट या संस्थेने (आज तिचं नाव प्युअर अर्थ) स्थानिक यंत्रणेबरोबर वस्तीतली आणि घरांतली माती काढण्याचं, घरं धुऊन पुसून घेण्याचं काम केलं. मुलांच्या रक्तातलं शिसं त्यानंतर उतरलं.

मेंदूला झालेली इजा मात्र भरून येत नाही. वाचलेल्या मुलांपैकी अनेकांना ती जन्मभर पुरणार. बुद्धी मंदावणं, चिडचिड, लक्ष न लागणं, झटके. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका स्पष्ट आहे: मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही.

थियारॉय वाचलं आणि वाटलं की हे तिकडचं आहे, तर २०२० मधला युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांचा अंदाज समोर ठेवायला हवा. भारतात रक्तात ५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसं असलेली मुलं साधारण साडेसत्तावीस कोटी असावीत, आणि जगभरात ८० कोटींपर्यंत. शिसं अंगात जाण्याचे मार्ग आपल्याकडे अनेक आहेत: रंग, भेसळीची हळद, काही भांडी. उघड्यावर फुटणाऱ्या बॅटऱ्या हा त्यातला मोठा मार्ग, आणि त्या बॅटऱ्या आपल्याच घरांतून, आपल्याच गाड्यांतून निघतात.

माझ्या दारातली शहाबादी फरशी

थियारॉयमध्ये हे घडत होतं त्याच वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. घरोघर इन्व्हर्टर आले, आमच्याकडेही आला. त्याची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोंची, दोघांनी मिळून जिन्यावर चढवलेली. चारेक वर्षांनी, २०११ मध्ये, ती बसली.

दुकानदार जुनी बॅटरी घेऊन नव्याच्या किमतीत सूट देत होता. दारावरच्या हातगाडीवाल्याने त्याहून ३०० रुपये जास्त देऊ केले. मी हातगाडीवाल्याला दिली. त्याच्याबरोबर तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता. "पाणी काढून वजन करायचं," म्हणाला. भंगाराच्या धंद्यात ओल्या बॅटरीचा भाव वेगळा, सुकीचा वेगळा. मी आत पैसे आणायला गेलो आणि बाहेर आलो तेव्हा त्या मुलाने बॅटरी आडवी करून सगळं ॲसिड माझ्याच दारातल्या गटारात ओतलं होतं. वाटेतल्या शहाबादी फरशीवर पांढरा फेस उठला होता. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिड पडलं की तो फसफसतोच. मी रसायनशास्त्र शिकलेला माणूस. फेस कशाचा आहे ते मला कळलं, त्या पाण्यात शिसंही उतरलेलं असणार हेही कळलं, आणि तरी मी काही बोललो नाही. त्या मुलाचे हात उघडे होते. त्याला मी साबण दिला नाही, सोडा दिला नाही. व्यवहार झाला, गाडी गेली.

ती बॅटरी पुढे कुठे फुटली असेल ते मला माहीत नाही. थियारॉयचा अभ्यास मी त्यानंतर काही वर्षांनी वाचला आणि तेव्हा आधी तो मुलगाच आठवला. तो रात्री घरी जाऊन धाकट्या भावंडांशेजारी झोपला असणार, त्याच कपड्यांत.

ते ३०० रुपये जास्त कुठून आले, याचा विचार करायला मला फार उशीर झाला. नोंदणी असलेला कारखाना बॅटरी बंद यंत्रात फोडतो. ॲसिड शमवतो. लेप वेगळा काढून बंद भट्टीत घालतो. धूर गाळण्यांतून सोडतो. कामगारांचं रक्त ठरावीक मुदतीने तपासतो, कामाचे कपडे घरी न्यायला मनाई करतो, अंघोळ करूनच बाहेर सोडतो. हे सगळं करायला पैसा लागतो, वर कर आहेत. परसातल्या भट्टीला यातलं काहीच करायचं नसतं, म्हणून तिला बॅटरीसाठी जास्त भाव देणं परवडतं. वाचलेला तो खर्च कुणीतरी भरतोच. न्गान्य जावमध्ये तो मुलांनी भरला.

म्हणून बॅटरीच्या बाबतीत 'भंगारवाल्याला दिली, म्हणजे चांगल्या कामाला लागली' हे समाधान मला आता पटत नाही. भंगारवाल्यांविषयी मनात काही नाही. गावाचा निम्मा कचरा तीच माणसं उचलतात, आणि कागद, लोखंड, काच हे त्यांच्याइतकं नीट कुणी हाताळत नाही. पण बॅटरी त्यांच्या हातात ठेवणं म्हणजे विष त्यांच्या हातात ठेवणं.

कायदा कुठपर्यंत येतो

भारतात २००१ पासून बॅटऱ्यांसाठी नियम आहेत. आधीचे फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते: विक्रेत्याने जुनी परत घ्यायची, ती नोंदणीकृत कारखान्याला द्यायची. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले आणि सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या त्यात आल्या. रिमोटचे सेल, मोबाइलच्या बॅटऱ्या, वाहनांच्या, इन्व्हर्टरच्या, इलेक्ट्रिक गाड्यांच्या. जो उत्पादक बॅटरी बाजारात आणतो त्याच्यावर ती परत गोळा करून पुनर्चक्रणाला पोचवण्याची जबाबदारी टाकली. बॅटऱ्या जमिनीत गाडायला आणि जाळायला मनाई केली. पुनर्चक्रण करणाऱ्याने कोरड्या वजनाच्या किती टक्के माल परत मिळवायचा तेही ठरवलं. आणि एक ओळ आपल्यासाठीही आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते: बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवणं आणि गोळा करणाऱ्या किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे देणं हे ग्राहकाचं कर्तव्य आहे.

नियम चांगले आहेत. गळती होते ती दुकान आणि कारखाना यांच्या मधल्या टप्प्यात. दुकानदार बॅटऱ्या साठवतो, टेम्पोवाला येऊन घेऊन जातो, आणि टेम्पो कुठे जातो ते गिऱ्हाईक विचारत नाही. मी आता विचारतो. गेल्या वेळी गाडीची बॅटरी बदलली तेव्हा दुकानदाराला म्हटलं, जुनी कुठे जाते त्या कारखान्याचं नाव सांगा. त्याने आधी नवलाने पाहिलं, मग बिलबुकातून नाव काढून दिलं. ते नाव मी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदणीच्या यादीत पाहिलं. होतं. दोन मिनिटांचं काम.

आणखी काही व्यवहारातल्या गोष्टी. जुन्या बॅटरीचं पाणी स्वतः काढू नका, दुसऱ्यालाही काढू देऊ नका. भरलेलीच, उभीच न्या. खाली जाड प्लास्टिकचा ट्रे किंवा टब ठेवा. कुठे सांडलंच तर खायचा सोडा भरपूर टाका, फेस थांबेपर्यंत, आणि हातमोजे घालून पुसा. बिलावर 'जुनी बॅटरी परत घेतली' असं लिहून घ्या. सूट कमी मिळेल, ती कमीच घ्या. गाळ्यात किंवा अंगणात कुणी बॅटऱ्या फोडताना, शिसं वितळवताना दिसला तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी कळवा. तक्रार त्या माणसावर सूड म्हणून करायची नाही. आजूबाजूला खेळणाऱ्या मुलांसाठी करायची. अशा जागेजवळ राहणाऱ्या मुलाला सतत पोटदुखी, रक्तक्षय, चिडचिड असेल तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची तपासणी करायला आवर्जून सांगा. ती नेहमीच्या तपासण्यांत नसते, मागावी लागते.

लहान सेल

घड्याळ, रिमोट, खेळणी यांतले पेन्सिल सेल शिशाचे नसतात. बहुतेक जस्त आणि मँगनीजचे असतात, आणि थियारॉयसारखी विषबाधा त्यांच्यातून होत नाही. तरी ते फोडू नयेत, जाळू नयेत. जुन्या पद्धतीच्या काही रिचार्जेबल सेलमध्ये कॅडमियम असतं, तेही विषारीच. मोबाइल, पॉवर बँक, लॅपटॉप यांच्या लिथियम बॅटऱ्यांचा धोका निराळा. त्या कचऱ्याच्या गाडीत दाबल्या, चेपल्या गेल्या की पेट घेतात आणि ती आग सहज विझत नाही. फुगलेली बॅटरी टोचू नका, चार्ज करू नका. टोकांना चिकटपट्टी लावून, कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर ठेवा. बटन सेल मात्र हाताळताना जीव मुठीत धरावा. मुलाने लिथियमचा बटन सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. दिसायला नाणं, पण वाट पाहत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

आमच्याकडे हे सगळे एका लोणच्याच्या जुन्या बरणीत जमा होतात, टोकांना पट्टी लावलेले, बटन सेल वेगळ्या डबीत आणि डबी वरच्या फडताळात. आमच्या तालुक्याच्या गावात लहान सेल घेणारं ठिकाण अजून नाही. ट्यूब्युलर बॅटरीला विकत घ्यायला दहा माणसं येतात. या बरणीला कुणी विचारत नाही, तिच्यात भाव मिळेल असं काही नाही. बरणी भरली की मी ती पुण्याला ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन देतो, वर्षातून एकदा. नगरपंचायतीकडे गावात एक पेटी ठेवावी म्हणून अर्ज केला आहे. त्या अर्जासोबत थियारॉयच्या अभ्यासातले आकडे मराठीत लिहून जोडले आहेत, आणि पुढच्या सभेला मी जाणार आहे.